मधुमेहींनी डोळ्याचा पडदा केव्हा, कसा आणि किती वेळा तपासून घ्यावा

फळ्यावर पट्टी धरून ओढलेली रेघ मधोमध वाकलेली दिसली, तेव्हा मी पट्टीलाच दोष दिला होता. तासगाव तालुक्यातील एका हायस्कुलात मी गणित शिकवीत असे. उजव्या डोळ्यात खडूची पूड गेली म्हणून तो हाताने झाकला आणि नुसत्या डाव्या डोळ्याने पाहिले, तेव्हा ही रेघ वाकली. दोन्ही डोळे उघडले की ती पुन्हा सरळ. त्याआधीच्या वर्षभरात मी दोनदा चष्म्याचा नंबर बदलून घेतला होता आणि आपले डोळे तपासलेले आहेत, या समाधानात होतो. मधुमेहाचे निदान होऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. त्या नऊ वर्षांत बाहुली मोठी करून डोळ्याचा मागचा पडदा कोणी पाहिला नव्हता, आणि 'पडदा पाहा' असे मीही कोणाला म्हटले नव्हते, कारण तसे म्हणायचे असते हेच मला ठाऊक नव्हते. पुढील मजकूर म्हणजे त्या नऊ वर्षांत मला कोणीतरी सांगायला हवे होते ते आहे.

नंबर काढणे म्हणजे पडदा तपासणे नव्हे

चष्म्याच्या दुकानात किंवा शिबिरात अक्षरांचा तक्ता वाचून घेतात, त्यातून डोळ्याच्या पुढच्या भागाचा, म्हणजे भिंगाचा हिशेब कळतो. मधुमेहाचे नुकसान होते ते मागे, पडद्यावर; पडद्याच्या या आजाराला डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात. तक्त्यावरची शेवटची ओळ बिनचूक वाचणाऱ्या माणसाच्या पडद्यावरही रक्ताचे ठिपके असू शकतात, आणि हीच या आजाराची खोड आहे: तो दुखत नाही, खुपत नाही, लाली आणत नाही आणि बराच काळ दिसण्यातही फरक पडू देत नाही.

आमच्या भागातील द्राक्षबागायतदारांना मी हे ठिबकच्या भाषेत सांगतो. पडद्याला रक्त पुरवणाऱ्या केसाहून बारीक नळ्या वाढलेल्या साखरेने कमकुवत होतात. काही ठिकाणी त्यांना फुगवटे येतात आणि त्यांतून पाझर सुरू होतो. काही ठिकाणी त्या तुंबतात आणि पुढचा भाग कोरडा पडतो. पाझरलेले पाणी पडद्याच्या नेमक्या मध्यभागी, म्हणजे मॅक्युलावर साचले की वाचन, शिवण, नोटांवरचे आकडे आणि समोरच्याचा चेहरा धूसर होतो. माझी रेघ वाकली ती याच सुजेमुळे. कोरडा पडलेला पडदा पुढे रक्तासाठी रासायनिक हाक देतो आणि त्या हाकेला नव्या रक्तवाहिन्या फुटतात. बागेत नवी फूट आली की आपल्याला आनंद होतो, पण डोळ्यातील ही फूट अतिशय ठिसूळ असते. ती फुटून डोळ्यात रक्त सांडते किंवा तिच्या दोऱ्या आक्रसून पडदाच ओढला जातो.

हा आजार थोड्यांचा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज मांडला गेला, आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका देशव्यापी पाहणीत चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहींपैकी १२.५ टक्के लोकांच्या पडद्यावर या आजाराच्या खुणा आढळल्या. म्हणजे साधारण आठांत एक. पारावर बसलेल्या शुगरवाल्यांची गिनती करून पाहिली तर त्यातला एक कोण, हे कोणालाच सांगता येणार नाही. त्या माणसालाही नाही.

पहिली तपासणी केव्हा

मोठ्या वयात होणारा, गोळ्यांवर चालणारा नेहमीचा मधुमेह म्हणजे टाइप २. यात निदान झाले त्याच महिन्यात पडदा तपासावा, कारण रक्त तपासायला आपण जातो त्याआधी काही वर्षे साखर वाढलेली असण्याची शक्यता दाट असते. लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होऊन पहिल्यापासून इन्सुलिन लागणाऱ्या टाइप १ मध्ये निदानानंतर पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी व्हावी. त्यानंतर दोन्हींत दरवर्षी. आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीने दिवस राहण्यापूर्वी शक्य असल्यास, आणि पहिल्या तीन महिन्यांत तर नक्कीच पडदा दाखवावा, कारण गरोदरपणात हा आजार झपाट्याने पुढे सरकू शकतो. केवळ गरोदरपणात उद्भवलेल्या मधुमेहाला हा नियम लागू नाही.

तारीख लक्षात राहत नाही, ही खरी अडचण आहे. मी द्राक्षाच्या फळछाटणीआधीचा आठवडा धरून ठेवला आहे. छाटणी सुरू झाली की घरातला माणूस मोकळा सापडत नाही. कोणी वाढदिवस धरावा, कोणी गावची यात्रा. वर्षातून एकदा चुकल्याशिवाय येणारी कोणतीही गोष्ट चालते.

तपासणीच्या दिवशी

कोठे जावे, याची अडचण सांगली जिल्ह्यात तुलनेने कमी आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभे केले तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते, आणि आजही कर्नाटकातून माणसे रेल्वेने इथे औषधपाण्यासाठी उतरतात. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सांगलीचे शासकीय रुग्णालय, साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, कराडचे मोठे रुग्णालय यांपैकी जे जवळ असेल तेथील नेत्रविभागात किंवा खासगी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. जाण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: "थेंब घालून पडदा तपासतात ना?" उत्तर गुळमुळीत आले तर दुसरे ठिकाण पाहावे.

बरोबर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा ताजा अहवाल, रक्तदाबाची नोंद, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिनांचा तपास झाला असल्यास तो, चालू गोळ्यांची चिठ्ठी, जुना चष्मा आणि आधीच्या तपासणीचे कागद न्यावेत. उपाशी जाऊ नये; नेहमीची गोळी व जेवण वेळेवर घ्यावे. रांग लांबते आणि साखर उतरून भोवळ येते, म्हणून पिशवीत चार बिस्किटे असावीत.

थेंब घातल्यावर बाहुली मोठी व्हायला अर्धा तास, कधी त्याहून अधिक लागतो. थेंब थोडे झोंबतात. मग डॉक्टर डोक्याला दिवा लावून, हातात भिंग धरून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे पाहायला सांगतात; प्रकाश प्रखर असतो, पण दुखत नाही. त्यानंतर चार ते सहा तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन सोसत नाही, म्हणून काळा चष्मा न्यावा आणि मोटारसायकल घरी ठेवावी. बरोबर एक डोळस माणूस असावा, आणि त्या माणसाने त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांत थेंब घालून घेऊ नयेत. हे सांगावे लागते, कारण एका वर्षी खेप वाचवण्यासाठी मी आणि आमच्या सौभाग्यवती दोघांनीही एकाच दिवशी पडदा तपासला आणि मग मिरजेच्या स्टँडवर तासगावची पाटी कोणती, हे शाळकरी मुलांना विचारत संध्याकाळपर्यंत बसून राहिलो.

ज्यांच्या डोळ्यातील पाणी वाहून जाण्याचा कोन अरुंद आहे अशा थोड्या लोकांना थेंबांनंतर डोळ्याचा दाब वाढून तीव्र दुखणे, लाली, दिव्याभोवती वलये आणि उलटी असा त्रास होतो. तसे झाल्यास घरी शेकत न बसता त्याच दिवशी परत जावे.

हल्ली काही ठिकाणी थेंब न घालता कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो काढतात. गावात फोटोची सोय झाली तर ती जरूर घ्यावी. मात्र मोतीबिंदू असलेल्या किंवा बारीक बाहुलीच्या माणसाचा फोटो पुष्कळदा अंधुक येतो, आणि अंधुक फोटो म्हणजे 'ठीक आहे' असा निकाल नव्हे. मध्यभागाची सूज मोजण्यासाठी ओसीटी नावाचे स्कॅन काढतात. त्यात फक्त यंत्रात पाहायचे असते. रक्तवाहिन्यांची गळती शोधण्यासाठी हाताच्या शिरेत पिवळा रंग टोचून फोटो घेतात, त्याला अँजिओग्राफी म्हणतात. त्यानंतर काही तास कातडी पिवळसर आणि दिवसभर लघवी गडद पिवळी-नारिंगी दिसते. माझ्या शेजाऱ्याला ती कावीळ वाटली आणि तो झाडपाल्याचे औषध देणाऱ्याकडे निघाला होता, म्हणून ही नोंद.

कागदावर काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे

'पडदा ठीक', 'थोडे आहे', 'बघू पुढच्या वेळी' एवढ्यावर दवाखान्यातून उठू नये. नम्रपणे, पण ठामपणे चार गोष्टी लिहून मागाव्यात: उजव्या व डाव्या डोळ्याची अवस्था वेगवेगळी, मध्यभागी सूज आहे की नाही, चष्म्यासह प्रत्येक डोळ्याची नजर किती, आणि पुढील तपासणीचा महिना. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना बोलायला वेळ नसतो हे मान्य आहे. पण लिहायला अर्धा मिनिट लागतो आणि तो आपला हक्क आहे.

अवस्थेनुसार अंतर बदलते. पडद्यावर काहीच खुणा नसतील तर वर्षाने यावे. सौम्य अवस्थेत सहा ते बारा महिन्यांनी, मध्यम अवस्थेत तीन ते सहा महिन्यांनी आणि तीव्र अवस्थेत तीन महिन्यांच्या आत परत जावे. नव्या रक्तवाहिन्या फुटल्या असतील, म्हणजे कागदावर 'प्रोलिफरेटिव्ह' किंवा इंग्रजी आद्याक्षरांत 'पीडीआर' असे लिहिले असेल, किंवा मध्यभागी सूज असेल, तर तारखेचा प्रश्न उरत नाही. पडद्याच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जावे. द्राक्षाचा हंगाम आहे, मुलीचे लग्न आहे, ऊस तोडायचा आहे ही कारणे मी पुष्कळ ऐकली आहेत, आणि त्यातील काही माझीच होती.

मधुमेहात मोतीबिंदू लवकर येतो आणि काचबिंदूचा धोकाही वाढतो, म्हणून त्याच भेटीत डोळ्याचा दाब मोजून घ्यावा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधी पडदा पाहून घेण्याचा आग्रह धरावा, कारण पडद्यावर सूज असताना नुसते भिंग बदलले तर अपेक्षेइतके दिसत नाही आणि सूज वाढूही शकते. चष्म्याबद्दलही एक गोष्ट: साखर फार वरखाली होत असताना काढलेला नंबर टिकत नाही. साखर काही आठवडे स्थिर झाल्यावरच नवा चष्मा करावा. मी वर्षात दोनदा पैसे घालवले ते यामुळेच.

घरी, आठवड्यातून एकदा

दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकतो, म्हणून तपासणी एकेका डोळ्याचीच हवी. मुलांची चौकोनी वही घ्यावी, पानाच्या मध्यभागी पेनाने ठसठशीत ठिपका काढावा, वाचनाचा चष्मा लावून पान वीतभर-दीड वीत अंतरावर धरावे आणि एक डोळा तळहाताने दाब न देता झाकून ठिपक्याकडे पाहावे. भोवतीच्या रेघा वाकड्या, तुटक किंवा पुसलेल्या दिसतात का, ते पाहावे. मग दुसरा डोळा. ज्यांना वहीचा कंटाळा येतो त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेची तीच ओळ रोज एकेका डोळ्याने वाचावी. ही युक्ती केवळ फरक ओळखण्यासाठी आहे. रेघा सरळ दिसतात म्हणून वार्षिक तपासणी टाळता येत नाही, कारण पडद्याच्या कडांना चाललेला बिघाड या वहीत दिसत नाही.

लेसर, इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया

उपचारांविषयीची भीती ही आजारापेक्षा जास्त डोळे घालवते, असे माझे मत आहे. ठिसूळ नव्या रक्तवाहिन्यांसाठी पडद्याच्या कडेच्या भागावर लेसरचे शेकडो, बहुधा हजाराहून अधिक बारीक ठिपके दोन-तीन बैठकांत देतात. त्यामुळे पडद्याची रक्ताची मागणी कमी होते आणि नवी फूट वाळते. थोडे टोचल्यासारखे दुखते. पुढे रात्रीचे किंवा कडेचे थोडे कमी दिसू शकते. 'लेसर केले आणि नजर वाढली नाही' अशी तक्रार गावोगाव ऐकू येते, पण लेसर नजर वाढवण्यासाठी नसतेच. आहे ती राखण्यासाठी असते. बांध घातला म्हणून वाहून गेलेली माती परत येत नाही, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

मध्यभागी सूज असेल तर हल्ली बहुधा डोळ्यात इंजेक्शन देतात. 'डोळ्यात सुई' हे शब्द ऐकून मी दीड महिना लांबवला होता, म्हणून तो प्रसंग जसा घडला तसा सांगतो. बधिर करणारे थेंब घातले. पापण्या व डोळा तपकिरी जंतुनाशकाने धुतला, आणि सगळ्यात जास्त झोंबले ते हेच. पापण्या मिटू नयेत म्हणून तारेचा लहान चाप लावला. "वर छताकडे पाहा गुरुजी," असे डॉक्टर म्हणाले आणि पांढऱ्या भागात क्षणभर दाब जाणवला. सुई मला दिसलीच नाही. बाहेर आलो तेव्हा मुलाच्या हातातला चहा अजून गरम होता.

या इंजेक्शनचा असर काही आठवड्यांचा असतो, त्यामुळे सुरुवातीचे काही महिने ते दरमहा घ्यावे लागते आणि मग अंतर वाढवत नेतात. एक-दोन इंजेक्शनांनंतर बरे दिसू लागले की माणसे येणे सोडतात आणि सूज परत येते. औषधे अनेक आहेत आणि त्यांच्या किमतींत मोठा फरक आहे, परवडत नसेल तर उपचार सोडण्याऐवजी "यातले कमी किमतीचे चालेल का?" असे स्पष्ट विचारावे, डॉक्टर त्यात कमीपणा मानत नाहीत. अलीकडे हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल, अथवा गर्भ राहण्याची शक्यता असेल, तर ते आधी सांगावे. इंजेक्शननंतर पांढऱ्या भागावर लाल डाग दिसणे किंवा एक-दोन दिवस बुडबुडे तरंगणे यात घाबरण्यासारखे नाही. मात्र पुढच्या काही दिवसांत दुखणे वाढत गेले, लाली वाढली, नजर कमी झाली, तर जंतुसंसर्गाची शंका घेऊन रात्र उलटू न देता त्याच दवाखान्यात जावे.

डोळ्यात साचलेले रक्त ओसरत नसेल किंवा पडदा ओढला गेला असेल तर व्हिट्रेक्टमी ही शस्त्रक्रिया करतात. खर्चाच्या बाबतीत, रुग्णालयात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र बसलेले असतात; रेशनकार्ड व आधारकार्ड दाखवून आपला नेमका उपचार त्या रुग्णालयात योजनेत बसतो का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. भरल्यानंतर विचारून उपयोग नसतो.

साखर, दाब आणि गुळाचा चहा

टाइप १ मधुमेहींवरील डीसीसीटी या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली आले. साखर काटेकोर ठेवणाऱ्या गटात, आधी पडद्याचा आजार नसलेल्यांना तो होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला होता. टाइप २ मधुमेहींवरील ब्रिटनमधील अभ्यासाने १९९८ मध्ये रक्तदाब नीट ठेवल्यास पडद्याचा बिघाड पुढे सरकण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो, असे दाखवले. तेव्हा दाबाची गोळी 'सवय लागेल' म्हणून अर्ध्यावर सोडणारा माणूस डोळ्याचेच नुकसान करतो. एचबीएवनसी अनेकांसाठी ७ च्या आसपास ठेवण्याचे उद्दिष्ट असते, पण वृद्धांसाठी आणि साखर वरचेवर एकदम उतरणाऱ्यांसाठी डॉक्टर ते सैल करतात. आकडा आपल्या मनाने ठरवू नये. फार वर्षे चढलेली साखर एकदम खाली आणल्यास पडद्याचा आजार काही काळ वाढू शकतो, म्हणून इन्सुलिन सुरू करताना किंवा औषध बदलताना पडदा आधी दाखवून घ्यावा.

उसाच्या आणि बेदाण्याच्या मुलखात राहून पथ्य पाळणे सोपे नाही. गुळाचा चहा चालतो, हा समज आमच्याकडे फार घट्ट आहे. गूळ ही साखरच आहे. खपली गहू मधुमेहाला चांगला म्हणतात, पण आपण त्याची खीर करतो आणि खिरीत गूळ घालतो. तासगावचा बेदाणा मूठभर खाल्ला तर ती वाळवलेली द्राक्षे असतात, आणि पाणी उडून गेल्यावर उरते ती साखरच.

तंबाखू आणि विडी सोडावी. मूत्रपिंडाचा तपास दरवर्षी करावा, कारण पडदा आणि मूत्रपिंड या दोन्हींच्या बारीक वाहिन्या बहुधा बरोबरीने बिघडतात. रक्त पातळ करणारी गोळी हृदयासाठी चालू असेल तर डोळ्यात रक्त येईल या भीतीने ती स्वतः बंद करू नये. ठिसूळ नव्या वाहिन्या आहेत असे सांगितलेल्यांनी पोती उचलणे, शीर्षासन, श्वास कोंडून जोर लावणे हे डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत टाळावे. चालणे मात्र सोडू नये.

तारखेची वाट पाहू नये अशा वेळा

डोळ्यापुढे एकाएकी काजळी उडाल्यासारखे काळे ठिपके किंवा कोळिष्टके तरंगू लागणे, विजा चमकणे, एका बाजूने खिडकीचा पडदा ओढल्यासारखा अंधार येणे, एका डोळ्याची नजर अचानक जाणे, सरळ रेघा वाकड्या दिसणे, एकाचे दोन दिसू लागणे, किंवा डोळा लाल होऊन कपाळापर्यंत दुखणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. जाईपर्यंत डोके उंच ठेवून बसावे आणि वाकू नये. गुलाबपाणी, मध, दूध किंवा दुकानातून आणलेले थेंब घालू नयेत.

ज्यांची नजर आधीच गेली आहे त्यांच्यासाठी

एका डोळ्याची नजर कायमची उणी झाली असली तरी दुसऱ्या डोळ्याची तपासणी थांबवू नये. उलट ती अधिक काटेकोर करावी. माझ्या डाव्या डोळ्याला रेघ आजही किंचित वाकडी दिसते, उजवा पूर्ण चांगला आहे. दोन्ही डोळ्यांनी कमी दिसत असेल तर मोठ्या रुग्णालयाच्या नेत्रविभागात मंददृष्टी साधनांची चौकशी करावी. हातात धरायची भिंगे, दिव्याची भिंगे आणि मोबाइलवरील अक्षरे मोठी करण्याची किंवा वाचून दाखवण्याची सोय यांनी पुष्कळ कामे पुन्हा जमतात. दृष्टिदोषाचे प्रमाण ४० टक्के किंवा अधिक ठरल्यास दिव्यांग प्रमाणपत्र मिळते, त्यासाठी ऑनलाइन नोंदणी करून शासकीय रुग्णालयात तपासणीला जावे लागते. इन्सुलिनच्या पेनवरील आकडे दिसेनासे झाले असतील तर ते अंदाजाने फिरवू नये. टिचक्यांचा आवाज मोजूनही मात्रा ठरवू नये; घरातील ज्याला नीट दिसते त्याच्याकडून आकडा लावून घ्यावा.